सुप्याच्या चौकात कोणी कोणासाठी थांबायचं

सुप्यात कुठल्याही टपरीवर चहा सांगावा आणि गप्पा ऐकत बसावं. कांद्याचा भाव निघतो, पाऊसपाणी निघतं, कोणाच्या पोराला एमआयडीसीत पर्मनंट केलं आणि कोणाला ब्रेक दिला हे निघतं, आणि मग विषय हमखास चौकावर येतो. पुणे-नगर महामार्गाला पारनेरचा रस्ता मिळतो, तो हा चौक. इथे सिग्नल असावा की नसावा? असला तर किती सेकंदांचा? त्यापेक्षा उड्डाणपूल बरा की भुयारी मार्ग? दोन्हीकडे गतिरोधक घातले तर काय बिघडतं? प्रत्येकाचं मत तयार असतं आणि समोरच्याचं ऐकून कोणी ते सोडत नाही. चहा संपतो, वाद उरतो.

मला हा वाद मनापासून आवडतो. बाहेरून आलेल्याला तो रिकामटेकड्यांचा वाटेल. मला तो आमच्या गावातला सगळ्यात महत्त्वाचा वाद वाटतो. सुप्याचं शहर होतंय की इथे नुसतीच गर्दी साठतेय, हे बऱ्याच अंशी याच वादात ठरणार आहे.

पुण्याहून निघालेला माणूस शिरूरला घोड नदी ओलांडतो आणि आमच्या जिल्ह्यात येतो. कागदावर जिल्हा आता अहिल्यानगर झाला, तोंडात अजून नगरच आहे. गव्हाणवाडी, नारायणगव्हाण, वाडेगव्हाण मागे टाकत गाडी सुप्याला पोचते. पुढे कामरगाव, चास, केडगाव, की आलं नगर. पर्जन्यछायेतला हा मुलूख. मूग, वाटाणा, कांदा यांवर जगलेला, पावसाने डोळे वटारले की टँकरकडे बघणारा. इथल्या माणसाला पोटासाठी गाव सोडून जायची सवय फार जुनी. पवारांची घराणी याच भागातून माळव्यात गेली आणि धार-देवासला त्यांची राज्यं उभी राहिली. आता वारं उलटं फिरलंय. एमआयडीसी आली, वाढली, जपानी उद्योगांसाठी वेगळा टप्पा राखला गेला आणि मध्य प्रदेशातून, उत्तर प्रदेशातून, बिहारमधून, आपल्याच मराठवाड्यातून माणसं सुप्याला येऊ लागली. ज्यांच्या घराला कधी एक जादा खोली नव्हती त्यांनी मागच्या अंगणात दहा-दहा खोल्या काढून भाड्याने दिल्या. गावात रात्री बारा वाजता जेवण मिळू लागलं, कारण दुसरी पाळी तेव्हा सुटते.

आणि या सगळ्याच्या मधोमध रस्ता.

या रस्त्याशी आमचं नातं वेगळं आहे. 1 जून 1948 रोजी एसटीची पहिली गाडी धावली ती याच वाटेने, नगर आणि पुण्याच्या दरम्यान. लाकडी बांधणीची ती गाडी बघायला वाटेतल्या गावांमधून लोक रस्त्याच्या कडेला उभे होते, असं जुनी माणसं सांगत आली आहेत. आज त्याचं नवल वाटणार नाही, पण क्षणभर त्या माणसांच्या जागी उभं राहून बघावं. सरकारची गाडी आपल्या गावाला थांबते, आपण हात केला की थांबते, आपली म्हातारी चढेपर्यंत थांबते, हा केवढा मान होता! रस्त्याकडच्या गावाची सगळी बरकत थांबणाऱ्यांवर असते. गाडी थांबली की चहा खपतो, पंक्चर निघतं, पेरू विकला जातो, कोणी पत्ता विचारतं, कोणी भाड्याची खोली विचारतं. सुपा वाढलं ते असं, थांबणाऱ्यांच्या जिवावर.

पुढे रस्ता चौपदरी झाला. मधे दुभाजक आला, टोलनाका आला, वेग आला. नगरहून पुण्याला जाणाऱ्याचा वेळ वाचला आणि तो वाचायलाच हवा होता. त्याबद्दल माझी तक्रार नाही. अॅम्ब्युलन्स याच रस्त्याने पुण्याला धावतात, शेतमाल याच रस्त्याने जातो. पण नगर आणि पुणे जवळ येत असताना सुप्याची एक बाजू सुप्याच्याच दुसऱ्या बाजूपासून लांब गेली. घर इकडे आणि शाळा तिकडे, खोली इकडे आणि कंपनीची बस तिकडे, शेत इकडे आणि दुकान तिकडे. पूर्वी बैलगाडी मधे उभी करून दोन माणसं बोलायची तेवढ्या रुंदीत आता गावाची फाळणी झाली आहे. ही फाळणी कोणी ठरवून केली नाही, म्हणून तिची जबाबदारीही कोणाकडे नाही.

चौकाच्या वादात बोलणारी माणसं मी वर्षानुवर्षं ऐकतोय. त्यांच्यातला एकही मूर्ख नाही, हे आधी सांगितलं पाहिजे. कारण सिग्नलला विरोध करणारा बेशिस्त आणि सिग्नल मागणारा सुधारलेला, अशी सोपी वाटणी करायचा मोह होतो.

कांदा घेऊन नेप्तीच्या बाजाराला जाणारा एक टेम्पोवाला आहे. त्याचं म्हणणं असं: “भरलेली गाडी थांबवून परत उचलायची म्हंजी डिझेल जातं, क्लच जातो, ते एक वेळ सोसंन. पण लाल दिवा बघून मी थांबलो आन् मागचा कंटेनर नाही थांबला, तर? माझ्या पाठीत कोण बसणार हे मला कोणी सांगा.” यावर सगळे हसतात, पण त्याची भीती खरी आहे. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकांत वाहन थांबायला लागणारं अंतर दिलेलं आहे: ताशी 50 किलोमीटरला 60 मीटर, ताशी 80 ला 120 मीटर. वेग दीडपटीहून थोडा जास्त झाला की थांबायची जागा दुप्पट लागते. उघड्या महामार्गावरून वेगात आलेल्या गाडीसमोर अचानक लाल दिवा उभा केला तर आडव्या धडका कमी होतात आणि पाठीमागून बसणाऱ्या धडका वाढू शकतात, हे जगभरच्या अभ्यासकांनी पाहिलेलं आहे. म्हणजे टेम्पोवाला जे अनुभवाने बोलतो तेच इंजिनिअर आकड्यांनी बोलतो.

हॉटेलवाल्याला उड्डाणपूल नको. “वरच्या वर गाड्या निघून जातील आणि आम्ही खाली खांबांच्या सावलीत बसू,” असं तो म्हणतो. बाह्यवळण झालं आणि गावातली हॉटेलं ओस पडली, अशी उदाहरणं त्याला तोंडपाठ आहेत. त्याला स्वार्थी म्हणून मोकळं होता येतं. पण त्याच्या हॉटेलात कप धुणाऱ्या चार बायांचा संसारही त्याच स्वार्थात आहे.

एक निवृत्त गुरुजी आहेत. सिग्नल लावण्याआधी माणसं शिकवा, असं त्यांचं म्हणणं. रात्री अकराला चौकात कोणी नसतं, तेव्हा लाल दिव्याला जो थांबेल तोच खरा सुशिक्षित, असं ते म्हणतात. त्यावर रिक्षावाला विचारतो, “गुरुजी, तवर किती जण मरू द्यायचे?”

आणि एक बाई आहे, तिची मुलगी सहावीत. ती फार बोलत नाही. एकदा सगळे उड्डाणपुलाच्या नकाशावर घसरलेले असताना ती म्हणाली, “मला पुलाचं सांगू नका. पूल होईस्तोवर माझी पोरगी कॉलेजात जाईल. मला उद्या सकाळचं सांगा.”

सार्वजनिक कामाची चर्चा करताना हे वाक्य मी कधी विसरू शकलो नाही. आपल्याकडे प्रत्येक अडचणीला एक भव्य उत्तर असतं आणि ते पाच वर्षांनी येणार असतं. तोवरच्या रोजच्या सकाळींना कोणी वाली नसतो.

सिग्नलचा जन्म कसा झाला हे पाहिलं तर या बाईची बाजू आणखी भक्कम होते. जगातला पहिला रस्त्यावरचा सिग्नल डिसेंबर 1868 मध्ये लंडनला पार्लमेंटबाहेर उभा राहिला. जे. पी. नाइट नावाच्या रेल्वेच्या इंजिनिअरने तो घडवला. रेल्वेसारखेच हलणारे हात आणि रात्रीसाठी गॅसचे लाल-हिरवे दिवे. घोडागाड्यांच्या गर्दीतून पायी जाणाऱ्यांना, त्यात पार्लमेंटच्या सभासदांनाही, रस्ता सुखरूप ओलांडता यावा म्हणून तो होता. महिनाभरात गॅसचा स्फोट झाला, दिवा चालवणारा पोलीस जखमी झाला आणि प्रयोग गुंडाळावा लागला. विजेचे सिग्नल अमेरिकेत आले ते पुढे 1914 च्या सुमारास. या इतिहासातली एक बाब मला मोलाची वाटते: सिग्नल प्रथम उभा राहिला तो चालणाऱ्या माणसासाठी. मोटारी तेव्हा नव्हत्याच.

नंतर मोटारी आल्या आणि हिशेब बदलला. 1958 मध्ये वेबस्टर या ब्रिटिश संशोधकाने सिग्नलचं एक चक्र किती सेकंदांचं असावं याचं सूत्र मांडलं. सिग्नल आखणारे इंजिनिअर ते आजही शिकतात. सूत्र उत्तम आहे, पण त्यात कमीत कमी करायचा असतो तो वाहनांचा खोळंबा. कडेला उभ्या असलेल्या माणसाचा खोळंबा त्या सूत्रात नाही. चालणाऱ्यासाठी वेगळा विचार करावा लागतो, आणि तो करताना साधारणपणे माणूस सेकंदाला 1.2 मीटर चालतो असं धरतात.

हे 1.2 मीटर मी एकदा आमच्या चौकाला लावून पाहिलं. दोन्ही बाजूंचे पदर, मधला दुभाजक आणि कडेची पट्टी मिळून वीस मीटर धरा. तरणा माणूस सतराएक सेकंदांत पार होतो. गुडघे धरलेली आजी, कडेवर पोर असलेली बाई, डोक्यावर भारा घेतलेला माणूस सेकंदाला 0.8 मीटर चालला तर त्याला पंचवीस सेकंद लागतात. फरक आठ सेकंदांचा. सतरा सेकंदांचा हिरवा दिवा दिला तर आजी पलीकडच्या पदरांत असतानाच समोरची गाडी सुटते. गावात सिग्नल बसवायचा की नाही यावर आम्ही तासन् तास भांडतो, पण या आठ सेकंदांवर कोणी बोलत नाही. माझ्या मते खरा वाद तिथे आहे. गावातला सगळ्यात सावकाश चालणारा माणूस धरून आखणी करायची की सगळ्यात घाईत असलेला?

अशीच एक आजी मी चौकात पाहिली. हिवाळ्याची सकाळ, पहिल्या पाळीच्या बसगाड्या लागलेल्या. मेथीच्या जुड्यांचं फडक्यात बांधलेलं गाठोडं घेऊन ती दुभाजकापर्यंत पोचली आणि तिथे अडकली. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना. वाहनांचा ओघ तुटत नव्हता. कंपनीचा निळा शर्ट घातलेला, गळ्यात ओळखपत्राची पट्टी लोंबणारा एक पोरगा तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. त्याने काही न बोलता गाठोडं आपल्या खांद्यावर घेतलं, दुसरा हात उंच केला आणि थेट येणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरकडे बघत पाऊल टाकलं. ट्रक करकचून थांबला. मागचे थांबले. दोघं पार झाली.

पलीकडे गेल्यावर आजीने गाठोडं घेतलं आणि त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

“कोणाचा रं तू?”

“बिहार से हूँ, दादी.”

“म्हंजी लांबचा म्हण की,” आजी म्हणाली. तिने एक जुडी काढून त्याच्या हातात कोंबली. तो नको नको म्हणत होता, ती ऐकत नव्हती. तेवढ्यात त्याची बस हलली आणि तो मेथी हातात धरून पळाला.

या प्रसंगाचं मला कौतुक आहे, आणि त्याच वेळी तो मला स्वस्थ बसू देत नाही. एखाद्याच्या धाडसावर आजीचं रस्ता ओलांडणं अवलंबून असावं, ही गावाची व्यवस्था होऊ शकत नाही. त्या दिवशी ट्रकचा ब्रेक लागला. 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली आणि त्यांतली 32,825 पायी चालणारी होती, म्हणजे पाचातला जवळपास एक. त्यांतल्या कितीतरी जणांनी असाच हात उंच केला असेल.

“कोणाचा रं तू?” या प्रश्नावर आपलं गाव चालत आलं आहे. कोणाचा हे कळलं की माणूस ठरतो: अमक्याचा नातू, तमक्या वस्तीवरचा. गावात गाडी थांबते ती ओळखीने. समोरून जाणारी मावशी आपल्या आईची मैत्रीण आहे म्हणून बाइकवाला ब्रेक लावतो. सरपंचाचा बैल आहे म्हणून ट्रॅक्टर कडेने घेतो. ओळखीचा हा कायदा फार जुना आहे आणि लहान गावाला पुरतो. सुप्याला तो आता पुरत नाही. चौकात एका वेळी उभ्या असलेल्या माणसांतली बहुतेक एकमेकांना अनोळखी असतात. पुण्याहून शनिशिंगणापूरला चाललेली मोटार, छत्रपती संभाजीनगरची ट्रॅव्हल्स, सुटे भाग नेणारा कंटेनर, पारनेरहून आलेली दुधाची गाडी, बिहारचा कामगार, इथली आजी. यांनी एकमेकांसाठी थांबायचं तर ओळखीखेरीज दुसरं कारण लागतं. सिग्नल हे ते कारण. ज्याला मी ओळखत नाही आणि पुन्हा कधी भेटणार नाही त्याच्यासाठीही मी थांबेन, आणि तोही माझ्यासाठी थांबेल, असा तो करार आहे. गावाचं शहर होणं म्हणजे इमारतींची उंची वाढणं असं आपण समजतो. मला वाटतं, अनोळखी माणसासाठी थांबायला लागलं की गाव शहर होतं.

हा करार करायचा कसा, याची शिकवण शोधायला आम्हाला लांब जावं लागत नाही. राळेगणसिद्धी आमच्याच तालुक्यातलं, हाकेच्या अंतरावरचं. 1975 नंतर अण्णा हजारे यांनी यादवबाबांच्या देवळापासून जे काम उभं केलं, त्यात पाणी अडवण्याइतकंच महत्त्व गावाने एकत्र बसून ठरवण्याला होतं. नगर तालुक्यातलं हिवरे बाजार दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतं: पाऊस किती झाला, विहिरींना किती आहे, त्यावर कोणतं पीक घ्यायचं. आमच्या जिल्ह्याने देशाला दोन गोष्टी शिकवल्या, सभेत ठरवणं आणि मोजून ठरवणं. मग चौकाच्या बाबतीत आम्ही ना मोजत, ना ठरवत; नुसते बोलत राहतो, असं का?

एक कारण उघड आहे. राळेगण आणि हिवरे बाजार ही लहान, एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांची गावं. सुप्यात ओळखी पुरत नाहीत. दुसरं कारण कायद्यात आहे. गावाच्या मतदार यादीत ज्याचं नाव, तो ग्रामसभेचा सदस्य. भाड्याच्या खोलीत राहणारा, दिवसातून दोनदा महामार्ग ओलांडणारा कामगार मतदार असतो त्याच्या गावाकडे. चौकाचा धोका त्याच्या वाट्याला सगळ्यात जास्त आणि चौकाच्या चर्चेत त्याला जागा नाही. हजेरीच्या वहीत नसलेल्या माणसाची अडचण ठरावात येत नाही.

मोजण्याचंही तसंच. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या व्याख्येत राष्ट्रीय महामार्गावरच्या साधारण 500 मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर इजा झालेले पाच अपघात झाले, किंवा दहा मृत्यू झाले, तर तो ‘ब्लॅक स्पॉट’ ठरतो. व्याख्या कुठेतरी करावीच लागते, हे मान्य. पण तिचा अर्थ असा होतो की मोजणी रक्तापासून सुरू होते. दुभाजकावर अडकलेली आजी त्यात धरली जात नाही. सहावीतली मुलगी गाडीखाली येता येता वाचली, हे कुठल्याच रजिस्टरमध्ये नसतं. अपघात झाला की रास्ता रोको होतो, अधिकारी येतात, आश्वासन देतात, कधी एका रात्रीत गतिरोधक उभा राहतो. तो बहुधा नुसता उंचवटा असतो. मानकाप्रमाणे 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटीमीटर उंच अशी हळू चढणारी गोलाई हवी. आपल्याकडचा अरुंद उंचवटा बाइकवाल्याच्या मणक्याला आणि अॅम्ब्युलन्समधल्या रुग्णाला बसतो. त्यात महामार्गावर गतिरोधक नकोत असं खुद्द मंत्रालयाचं धोरण. मग पुढचं डांबर पडतं, उंचवटा जातो आणि आम्ही पुन्हा टपरीवर.

म्हणून शाळेतल्या काही मुलांना घेऊन आम्ही स्वतःच मोजून पाहिलं. अवघड काही नव्हतं. वह्या, पेन्सिली, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. इंजिनिअरही वर्षानुवर्षं असंच मोजत आले आहेत. एका मुलाकडे ट्रक-कंटेनर, एकीकडे बाइक, एकीकडे एसटी, आणि दोघींकडे फक्त पायी चालणारी माणसं. मुली जास्त दमल्या, कारण चालणारा माणूस वाहनासारखा एका रेषेत येत नाही. पण लक्षात राहावं असं त्यांच्याच वहीतून निघालं. “सर, माणसं चौकात ओलांडतच नाहीत,” एकीने सांगितलं. “गाडी जिथं थांबती तिथं ओलांडतात.” एसटी आणि कंपनीच्या बसगाड्या चौकाच्या अलीकडे-पलीकडे जिथे माणसं उतरवतात, तिथूनच ती समोर पळत होती. म्हणजे चौकात कितीही चांगला सिग्नल लावला आणि बसचा थांबा तसाच ठेवला, तर दिवे चौकात लागतील आणि माणसं भलतीकडे जीव मुठीत धरून पळतील. टपरीवरच्या इतक्या वर्षांच्या वादात हे कोणाला सुचलं नव्हतं. एका तासाच्या मोजणीत ते सहावी-सातवीच्या मुलींना दिसलं.

हे एकदा दिसलं की बाकीच्या रोजच्या तक्रारीही चौकाला येऊन मिळतात. कडेची पट्टी चालायला आहे, पण तिच्यावर रात्रीचे कंटेनर उभे असतात, म्हणून माणूस डांबरावर चालतो. गटारावरची फरशी फुटली आहे, म्हणून सायकल मधे घ्यावी लागते. खांबावरचा दिवा गेला आहे आणि दुसरी पाळी अंधारात सुटते. आठवडे बाजारात दुकानं रस्त्यावर सरकतात, कारण बाजाराला पुरेशी जागा कधी दिलीच नाही. हातगाडीवाल्याला हुसकावून प्रश्न सुटत नाही. तो दुसऱ्या दिवशी दहा पावलं पुढे उभा राहतो, कारण त्याचं गिऱ्हाईक तिथे आहे. फरशी, दिवा, बाजाराची जागा, बसथांबा या सगळ्या बारीक गोष्टी. यांतल्या बऱ्याच उड्डाणपुलाच्या हजाराव्या हिश्श्यात होतील. पण बारीक गोष्टींचं उद्घाटन होत नाही, म्हणून त्या मागे पडतात.

तेव्हा सिग्नल हवा का? मला विचाराल तर हवा. पण खांबावर तीन दिवे टांगले म्हणजे झालं, असा नको. टेम्पोवाल्याची भीती दूर करेल असा हवा: अर्धा किलोमीटर आधीपासून वेगमर्यादेचे फलक, डांबरावर खडखडणाऱ्या पट्ट्या, पुढे सिग्नल आहे हे सांगणारा लुकलुकता पिवळा दिवा, जेणेकरून चौकात येणारी गाडी आधीच हळू झालेली असेल. आजीच्या पंचवीस सेकंदांचा हवा. बसचे थांबे त्याच्याजवळ आणलेला हवा. पाळी सुटायच्या आणि शाळा भरायच्या वेळेला चालणाऱ्यांना जास्त वेळ देणारा हवा. त्याचं वीजबिल कोण भरणार आणि बिघडला तर किती दिवसांत कोण दुरुस्त करणार हे आधी लिहून घेतलेला हवा. बंद पडलेला सिग्नल नसलेल्या सिग्नलपेक्षा वाईट, कारण एकाला तो चालू वाटतो आणि दुसऱ्याला बंद. पहिले काही महिने तिथे पोलीस उभा असलेला हवा. हॉटेलवाल्याच्या दारात रांग लागणार असेल तर त्याच्यासाठी गाड्या वळायची जागा आखलेला हवा. आणि पुढे कधी पूल झालाच, तर त्याखालून चालायची वाट आजच मागून ठेवलेली हवी.

यातलं काही मागायला आंदोलन लागत नाही. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरते. ग्रामपंचायतीला महामार्गावर सिग्नल लावायचा अधिकार नाही, हे खरं. तो विषय रस्त्याच्या यंत्रणेचा, पोलिसांचा आणि जिल्हा प्रशासनाचा. पण मुलांच्या वहीतली मोजणी जोडून एकमताने केलेला ठराव बाजूला सारणं कोणत्याही कार्यालयाला जड जातं. नुसतं ‘सिग्नल बसवावा’ असं निवेदन फायलीत पडून राहतं. ‘सकाळी साडेसात ते साडेआठ, या ठिकाणी, इतकी माणसं, इतकी मुलं’ असं लिहिलेल्या कागदाला उत्तर द्यावं लागतं.

रास्ता रोको अपघातानंतर होतो. ग्रामसभा अपघाताच्या आधी घेता येते. तिच्या विषयपत्रिकेवर चौक पहिल्या क्रमांकावर असावा. टेम्पोवाला, हॉटेलवाला, गुरुजी, सहावीतल्या मुलीची आई यांनी आपापलं म्हणणं टपरीवरून उचलून तिथे आणावं. आणि त्या दिवशी पाळीवरून सुटलेल्या पोरांनाही बोलवावं, त्यांच्यासाठी पुढची सतरंजी अंथरावी. सभेत हात वर करून मत द्यायचा अधिकार त्यांना नसेल. पण आमच्या आजीसाठी ट्रकसमोर हात वर करताना त्यांनी तो अधिकार कोणाला विचारला नव्हता.